तिथी कोणी सांगितली?

पस्तीस वर्षं मी कुंभकोणमच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. लग्नपत्रिका, देवळांच्या उत्सवांची पत्रकं, दुकानांची बिलबुकं आणि दरवर्षी भिंतीवर टांगायची तमिळ दिनदर्शिका, रोज एक पान फाडायची ती. ह्या नोकरीनं मला एवढंच शिकवलं की समोरचा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याच्या कागदात चूक असते. सापडली नाही, तर आपण नीट पाहिलं नाही. ही सवय माझ्यासोबत घरीही यायची. बायको म्हणायची, "देवळांतून अंगारा आणिला तर त्याची पुडीबी उघडून पाहाल तुम्ही." पाहायचो. एकदा तीत नुसती चुलीतली राख निघाली होती, आणि ते मी तिला पुढं कित्येक वर्षं ऐकवलं.

निवृत्त झाल्यावर ही खोड कुठं वापरायची हा प्रश्न होता. तो आमच्या समाजाच्या वेबसाइटनं सोडवला. आम्ही तंजावर मराठी. मराठा राजांच्या काळात इकडं आलो आणि इथलेच झालो. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत आमची जुनी मराठी, जी ऐकून महाराष्ट्रातली माणसं गालात हसतात. साइटवर आमच्या म्हाताऱ्यांची बोलणी ध्वनिमुद्रित करून ठेवली आहेत, रसवांगी आणि डांगर पच्चडीच्या कृती आहेत, विठ्ठलाच्या भजनांची वेळापत्रकं आहेत. ती चालवतो आम्ही तिघं. मी, एक निवृत्त गणिताच्या शिक्षिका, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, आणि दारासुरमचे एक रेशमाचे व्यापारी, जे दुचाकीवरून येतात आणि येतानाच परत जायच्या घाईत असतात.

आमच्या समाजाची तरुण मुलं देशभर, जगभर कामाला गेली आहेत. तिथं बसून ती साइटसाठी काही ना काही बनवून पाठवतात. ती त्याला फीचर म्हणतात, मी सोय म्हणतो. कुठली सोय घ्यायची आणि कुठली नाही हे ठरवायचं काम आमच्याकडं. नियम साधा. आलेली सोय पंधरा दिवस साइटच्या चाचणी प्रतीवर ठेवायची, तिघांनी वापरून बघायची, मग रविवारी सकाळी अक्कांच्या तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, कॉफी घेत निकाल लावायचा. तिघंही हो म्हणाले तरच हो.

साहजिकच बहुतेक वेळा नाही व्हायचं, आणि ते माझ्यामुळं. एकानं साइट उघडताच देवळातली घंटा वाजेल अशी सोय पाठवली. मी म्हणालो, बँकेत बसून कोणी साइट उघडली तर मॅनेजर आरती घेऊन येईल का? दुसऱ्यानं उपवर मुलामुलींचं फोटोसकट पान पाठवलं. व्यापाऱ्यांना ते फार आवडलं. मला आवडलं नाही, कारण मुलींचे फोटो कुठून कुठं फिरतील ह्याची हमी कोण देणार? अक्का माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. पाककृती शोधायची सोय मात्र मी पहिल्याच दिवशी मान्य केली, तेव्हा व्यापारी म्हणाले, "अण्णांस ज्वर आला की काय?"

आणि मग तिथीची सोय आली.

पाठवणाऱ्यानं नावाच्या जागी फक्त साक्कोट्टै असं लिहिलं होतं. साक्कोट्टै म्हणजे आमच्या गावाच्या दक्षिणेला लागून असलेलं खेडं. हे म्हणजे पत्रावर सहीच्या जागी "शेजारी" लिहिण्यासारखं झालं. आम्ही त्याला साक्कोट्टैकर म्हणू लागलो. त्याची सोय अशी होती की माणूस गेल्याची तारीख आणि वेळ भरायची, साइट आपल्या पंचांगाप्रमाणं तिथी काढणार आणि दरवर्षी आठ दिवस आधी घरच्यांच्या फोनवर आठवण पाठवणार.

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. एका अनोळखी माणसाला आमच्या मेलेल्यांच्या तारखा आणि जिवंतांचे फोन नंबर एकाच जागी हवे होते. कशाला? आणि तेही फुकटात, रात्रंदिवस खपून?

ह्या संशयाला आणखी एक मूळ होतं, ते इथं सांगून टाकतो. तिथीचं काम माझं होतं. वडिलांपासून चालत आलेली एक लांबडी वही आहे, छापखान्यात उरलेल्या कागदांची बांधलेली. आमच्याकडं श्राद्ध सांगायला येणारे भटजी बहुतेक तमिळ. ते संकल्पात आपला सौर महिना म्हणतात, आडी, आवणी वगैरे. आमची श्राद्धं मात्र चांद्र महिन्यानं, आषाढ, श्रावण असं. त्यामुळं आमच्या पोरांना आजोबा आडीत गेले एवढंच ठाऊक असतं. मग फोन येतो, "अण्णा, आजोबांची तिथी ह्या वर्षी कधी?" मी वही उघडतो. कोणी गेलं की त्या दिवसाचं दिनदर्शिकेचं पान मी मागून घेतो, त्यावरून आपला महिना काढतो, सोलापूरहून आलेल्या पंचांगाशी ताडतो आणि पान वहीत चिकटवतो. पंचांग दर पाडव्याला माझी मुलगी पाठवते. ती सोलापूरला दिली आहे.

तर असं हे माझं काम उद्या एक यंत्र करणार होतं. फोन येणं बंद होणार होतं. पण हे मी बैठकीत बोललो नाही. बैठकीत मी फक्त सुरक्षिततेबद्दल बोललो.

मी साक्कोट्टैकराला मेल लिहिली. गोत्र काय, घर कुठलं, हे करण्यामागं हेतू काय? दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, स्वच्छ पुस्तकी मराठीत. आजोबा साक्कोट्टैहून गेले, घर देवळाच्या मागच्या गल्लीत होतं. आजोबांच्या मृत्यूची तारीख घरात लिहिलेली आहे, तिथी कोणालाच माहीत नाही आणि विचारायला कोणी उरलं नाही. म्हणून हे केलं. मला हे उत्तर पाठ केल्यासारखं वाटलं. इतकं नेमकं माणूस केव्हा बोलतो? आधी तयारी केली असेल तेव्हा.

मग मी टाउन बसनं साक्कोट्टैला गेलो. देवळाच्या मागच्या गल्लीत फुलं गुंफत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, हो, इथं एक रायर कुटुंब होतं. आम्हा मराठी लोकांना इकडं रायर म्हणतात. घर विकून गेले, त्यांच्यातल्या आजोबांच्या तोंडात सोन्याचा दात होता. एवढं ऐकूनही माझं समाधान झालं नाही. परतीच्या बसमध्ये मी विचार करत होतो की हे सगळं मला एका दुपारी समजलं, तर त्या साक्कोट्टैकरालाही कोणाकडून तरी समजलं असेल.

घरी येऊन मी त्याला एक अट घातली. प्रत्येक नोंदीपुढं एक रकाना हवा, "तिथी कोणी सांगितली?" तिथं सांगणाऱ्याचं नाव भरल्याशिवाय नोंद पुढं जाता कामा नये. उद्या चूक निघाली तर कोणाचा कान धरायचा ते कळलं पाहिजे. मला वाटलं, आता हा वैतागेल. त्यानं दोन दिवसांत रकाना घालून दिला आणि वर आभार मानले. इतका आज्ञाधारक माणूस मी छापखान्यात एकदाच पाहिला होता, आणि तो नोकरी सोडून गेला त्याच आठवड्यात तमिळ टाइपाची एक अख्खी पेटी गायब झाली होती.

चाचणीचे दिवस सुरू झाले. मी वही घेऊन कॉम्प्युटरपुढं बसलो आणि एकेक नोंद घालून पाहू लागलो. बरोबर. पुढची, बरोबर. तिरुप्पनंदाळच्या एका वयस्कर बाईंची नोंद मुद्दाम अवघड म्हणून निवडली. त्या गेल्या तेव्हा तिथी बदलायला थोडाच अवधी होता, वडिलांनी तिथं पेन्सिलीनं दोनदा खाडाखोड केली होती. तीही बरोबर. दिवसेंदिवस माझी चिडचिड वाढत गेली. ज्या मुद्रितात चूक सापडत नाही ते माझ्या दृष्टीनं सर्वांत धोक्याचं.

एकच नोंद मी घातली नव्हती. बायकोची. ती जाऊन तिसरं वर्ष चालू होतं. तिची तारीख अनोळखी माणसाच्या यंत्रात टाकायला माझा हात धजत नव्हता. पण चौदावा दिवस उजाडला, रविवार उद्यावर आला, आणि माझ्याकडं साक्कोट्टैकराविरुद्ध काहीच नव्हतं. मी तिची तारीख घातली, दुपारची वेळ घातली.

साइटनं सांगितलं, श्रावण वद्य पंचमी.

माझ्या वहीत होती आषाढ वद्य पंचमी. पूर्ण एका महिन्याचा फरक! खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी खुर्चीतून उठून घरभर एक फेरी मारली. आडीतली अमावास्या येईपर्यंत आषाढ, ती झाली की श्रावण, हा हिशेब मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. ती गेली तेव्हा आडीची अमावास्या व्हायची होती. पान वहीत होतंच. आडी महिना, वद्य पक्ष, पंचमी.

आणि त्याच वेळी मला मुलीचा फोन आठवला. पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, "अप्पा, इथल्या पंचांगांत आईची तिथी श्रावणांत येते. तुम्ही आषाढांत कां करितां?" मी तिला झापलं होतं. "तिकडें जाऊन राहिलीस म्हणून मज शिकवाय लागलीस? माझी वही तुझ्या जन्माआधींची आहे." दुसऱ्या वर्षी तिनं विषयच काढला नाही. आता मला वाटलं, सोलापूरचं पंचांग आणि हा साक्कोट्टैकर एकाच माळेचे मणी आहेत. तिकडच्यांना इकडचं काय कळणार?

बायकोची तिथी, माझ्या वहीप्रमाणं, येत्या गुरुवारी होती. भटजींना सांगून झालं होतं. ती सवाष्ण गेली, म्हणून तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवायला बोलावतो, त्या बाईंनाही सांगून झालं होतं. केळीच्या पानांचं सांगायचं राहिलं होतं एवढंच.

रविवारी मी वही पिशवीत घालून अक्कांच्या तिण्णैवर गेलो. कॉफी यायच्या आधीच सुरुवात केली. एक महिना चूक, म्हणालो. कोणाच्या आईचं, कोणाच्या बापाचं श्राद्ध हा माणूस भलत्याच महिन्यात घालायला लावणार. ह्याहून मोठं पाप कोणतं? अन्न वाढायचं आणि ज्याच्यासाठी वाढलं तो आलेलाच नाही!

व्यापाऱ्यांनी हेल्मेट हातात घेतलं. "अण्णा नको म्हणतात तर नको. असकें काम संपलें. कॉफी येऊं द्या."

अक्कांनी कॉफीचे पेले ठेवले आणि विचारलं, "कोणाची नोंद ती, अण्णा?"

"घरचीच," मी म्हणालो. "माझीच."

त्यांनी वही मागितली. चिकटवलेलं पान चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "उगेच रागवूं नका. त्या वर्षीं आडींत अमावास्या दोन आल्या. मज बरें आठवतें, कां म्हटलें तर माझा भाऊ पहिलीस कावेरीवर तर्पणास गेला आणि भटजींनीं त्यास परत धाडिलें. पुढल्या अमावास्येस ये म्हणून सांगिटलें."

मी म्हणालो, असेल. त्याचा इथं काय संबंध?

अक्का आत गेल्या आणि खडू घेऊन आल्या. त्यांनी तिण्णैवर एक आडवी रेघ ओढली. एका टोकाला आडीचा आरंभ, दुसऱ्या टोकाला शेवट. आरंभाजवळ एक काळं वर्तुळ भरलं, शेवटाजवळ दुसरं. "तमिळ महिना हा एकच," त्या म्हणाल्या, "पण आपला आषाढ ह्या पहिल्या अमावास्येस संपला. ह्या दुसरीपर्यंतचा तो अधिक श्रावण. अधिकांत गेलेल्याची तिथी पुढल्या वर्षांस नेहमींच्या श्रावणांत धरितात. पानावर अधिक महिना छापीत नाहींत. तुम्हीच तर मुद्रितें पाहिलींत वर्षानुवर्षें." मग त्यांनी दोन वर्तुळांच्या मधे, रेघेवर, एक लहानसा ठिपका दिला. "वहिनी इथें गेल्या."

व्यापारी हेल्मेट घेऊन तसेच उभे राहिले.

मी त्या ठिपक्याकडं पाहत होतो. अधिक मास मला ठाऊक नव्हता असं नाही. लोकांच्या नोंदी करताना मी दर वेळी सोलापूरचं पंचांग उघडून ताडायचो. त्या वर्षी पाडव्याला मुलीनं पाठवलेलं पाकीट मी फोडलंच नव्हतं. बायको तेव्हा दवाखान्यात जात येत होती, पुढं तिथंच राहिली. ती गेली त्या दिवशी शेजाऱ्यानं भिंतीवरचं पान फाडून माझ्या हातात दिलं आणि मी ते तसंच चिकटवलं. दुसऱ्याच्या कागदावर मी कधी विश्वास ठेवला नाही. हा मात्र माझ्या छापखान्याचा कागद होता. तो तपासायचं मला सुचलंच नाही.

दोन वर्षं मी पान वाढून बसलो होतो, भलत्या महिन्यात. रसवांगी, पायसम, तिला आवडायचं ते सगळं. वाढताना तिच्याशी मनात बोलतही होतो. आणि ज्या दिवशी खरोखर वाढायला हवं होतं, त्या दिवशी मी काय केलं? आठवत नव्हतं. बहुतेक साइटवर कोणाची तरी सोय नाकारत बसलो असेन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कांनी पाहिलं आणि त्या खडू ठेवायच्या निमित्तानं आत निघून गेल्या.

त्यांच्या तिण्णैवरूनच मी भटजींना फोन केला आणि गुरुवारचं नको म्हणून सांगितलं. त्यांनी तमिळमध्ये विचारलं, घरात कोणी आजारी आहे का? मी म्हणालो, नाही, माझी चूक झाली. भटजी म्हणाले, रायर, तुम्ही आणि चूक? मग सवाष्ण बाईंना फोन केला, त्यांनाही तेच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायलाही सोपं गेलं नाही.

घरी जाऊन मुलीला फोन लावला. तिला सगळं सांगितलं, दोन अमावास्या, खडूची रेघ, सगळं. पाकीट फोडलं नव्हतं हेही सांगितलं. शेवटी मी म्हणालो, "तुझ्या आईस दोन वर्षें उपाशी ठेविलें मीं."

"नाहीं, अप्पा," ती म्हणाली. "मी केलें की. दोन्हीं वर्षें, श्रावणांत. इथल्या शेजारच्या बाईस बोलाविलें, तिज जेवूं घातलें. रसवांगी केली, आईसारखी. सासूबाई विचारत्या, वडील करितात ना तिकडें, मग तूं कां करितेस? मी म्हणालें, अप्पांस वेळ नसतो."

तिला झापलेलं मला शब्दन् शब्द आठवत होतं. तिनं त्यातला एक शब्द काढला नाही. रसवांगीत चिंच किती घालतेस, असं काहीतरी मी विचारलं, आणि तिनं ते नीट समजावून सांगितलं.

पुढच्या रविवारी तिघांनी हो म्हटलं. व्यापाऱ्यांनी माझ्याकडं दोनदा पाहिलं, मी पुन्हा काही काढतो का म्हणून. मी एवढंच सुचवलं की ज्या वर्षी अधिक मास असेल ते नोंदीखाली ठळक दिसावं. साक्कोट्टैकरानं तेही दोन दिवसांत केलं आणि आभार मानले. त्याच्या आजोबांची तिथी त्याच्याच यंत्रानं काढली होती, पण ती बरोबर आहे का हे कोणीतरी बघून द्यावं अशी त्याची विनंती होती. मी पंचांग काढून ताडून दिली. बरोबर होती. त्याला कळवताना मी पहिल्यांदाच त्याला "बाळा" असं लिहिलं.

मग मी माझी नोंद भरायला बसलो. बायकोचं नाव, तारीख, दुपारची वेळ. श्रावण वद्य पंचमी. आठवण कोणाला पाठवायची ह्यापुढं आधी मुलीचा नंबर घातला, खाली माझा. शेवटी तो रकाना आला, मीच अट घालून ठेवायला लावलेला. तिथी कोणी सांगितली? लोकांच्या नोंदींमध्ये तिथं बहुतेक ठिकाणी माझं नाव होतं.

मी तिथं मुलीचं नाव लिहिलं. नोंद पुढं गेली.